तुसाशिवायचं लिंपण

प्रिय सुकन्या,

काल रियाचा मेसेज आला. इतक्या वर्षांत तुझ्या घरातून आलेला पहिलाच. ‘मावशी, लिंपण म्हणजे काय? शाळेत विचारलंय. मम्मी म्हणाली, रूपामावशीला विचार.’ मराठी शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण उत्तराला वेळ लागला. तू माझं नाव घेतलंस, तिथेच मी अडकले होते.

तिला लिहिलं : फट किंवा भांड्याचं तोंड ओल्या मातीने बंद करणं म्हणजे लिंपणं. मूळ संस्कृतातला लिप् धातू, माखणे. लेप त्यातलाच, लिपीही त्यातलीच. तिने अंगठा पाठवला.

तुला सांगायचंय ते वेगळंच. माजघरातला भात साठवायचा कणगा आठवतो ना? शेण, माती आणि भात कांडून निघालेलं तूस कालवून आई त्याचं तोंड लिंपायची, आणि आपण माखलेले हात एकमेकींच्या गालाला पुसायचो. पेरणीआधी ते लिंपण धाकट्या लेकीने फोडायचं, ही आपल्या घरची रीत. मी किती रुसायचे! “तुजा हात जड हाय गं रूपे, गप बस,” आई म्हणायची.

पूर्णा गावचं शेत गोदामाला दिलं, त्या दिवशी तू मनाविरुद्ध सही केलीस आणि पाणीही न पिता उंबऱ्यावरूनच गेलीस. आमच्यापैकी कुणी हाकसुद्धा मारली नाही. त्या शेवटच्या पिकाचं भात आईने कणग्यात भरलं, लिंपलं. “सुकन्या येल, ती फोडंल.” दर उन्हाळ्यात भेग पडायची, दर उन्हाळ्यात आई ती नव्याने बुजवायची.

यंदा आई अंथरुणाला खिळली, म्हणून भेग मी लिंपली. सकाळी पाहते तर सगळे पोपडे खाली. मातीत तूस नव्हतं; आईने साठवलेलं गेल्या उन्हाळ्यातच संपलं. आणू कुठून? शेतात आता ट्रक उभे असतात. आपलं तूस उरलंय ते त्या कणग्याच्या आतच.

परवा आईने पेज मागितली, त्याच भाताची. मी विळा घेऊन कणग्यापाशी गेले, तर पडल्या पडल्या ओरडली, “न्हाय! तिला येऊ दे.” आत दाणे उरलेत की नुसता भुसा, कुणास ठाऊक. डॉक्टर फार दिवसांचं बोलत नाहीत. मी फोडणार नाही, सुकन्या. उखळ धुऊन ठेवलंय. आईला घास उतरतोय तोवर ये. रियालाही आण.

उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली,
तुझीच रूपाताई