झालरीचं कव्हर

शनिवार, संध्याकाळ

मशीन घ्यायचंय मला, आणि आमचे हे मला सल्ला घ्यायला घेऊन गेले सुकापूरला, थोरल्या जाऊबाईंकडे. का, तर त्यांच्याकडे कॉम्प्युटरवालं शिलाई मशीन आहे! मला गोधडी शिवायचीय, जीन्स आखूड करायच्यात, पडदे, पिशव्या. जाड कापडाच्या चार पदरांतून सुई जावी, एवढंच माझं मागणं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, साधं कशाला घेतेस? माझ्यात शंभर प्रकारचे टाके आहेत." त्यातला एक तरी कधी घातलाय का? मशीनवरचं कव्हर शेवटपर्यंत काढलं नाही बाईंनी. हे मात्र नंदीबैलासारखे मान डोलावत बसलेले.

कव्हर सुरेख होतं, खोटं कशाला बोलू? गुलाबी, झालरीचं, एकेक चुणी सारखी. वाटलं, उगाच नावं ठेवतेय का मी? म्हणून मनापासून विचारलं, "कव्हर तुम्हीच शिवलंत?"

"छे गं! खालच्या टेलरकडून शिवून घेतलं."

ह्यांची मान तेव्हाही डोलतच होती.

उद्या गोधडीचा तुकडा पिशवीत टाकून दुकानात एकटीच जाणार. मान डोलवायला दुकानदार आहेच.