गाडलेला ड्वेन

सरकारी वकील श्रीमती हॉलिस्टर यांस,

मी मेम्फिसच्या शाळेत कविता शिकवतो आणि रॅपर टेव्हियनचा मामा लागतो. दुसरी ओळख तुमच्या कृपेने अधिक गाजली आहे.

पेट्रोलपंपावरच्या खुनाचा आरोप टेव्हियनवर ठेवलात आणि साक्षीदार मिळेना, तेव्हा तुम्ही माझ्या भाच्याचं गाणं पुरावा म्हणून कोर्टात वाचलंत: ‘ड्वेनला गाडला भर चौकात, रडायलाही नाही कुणी साथीत.’ वाण्याची यादी वाचावी तसं, ताल सोडून वाचलंत. बाई, आमच्याकडे रॅपच्या सामन्यात समोरच्याला हरवलं की ‘गाडला’ म्हणतात. ही लक्षणा, तुम्ही वाच्यार्थावरच मुक्काम ठोकलात.

मागच्या बाकावरून खुद्द ड्वेन ओरडला, “ओ मॅडम, तो ड्वेन मीच! हरलो होतो, मेलो नव्हतो!” ज्यूरीतले दोघे हसले. न्यायाधीशांनी त्याला बाहेर काढलं. टेव्हियनला जन्मठेप झाली.

काल त्याचा तुरुंगातून फोन आला. मी विचारलं, “नवीन काही रचलंस का रे?”

“गप रे मामा, इथं सगळं रेकॉर्ड होतं,” तो म्हणाला आणि जेवणात मीठ कमी असतं असं सांगत बसला. बोलायला लागल्यापासून यमक जुळवणारा पोरगा निव्वळ गद्य बोलत होता.

आता अपील आहे. शेवटी लिहिणार होतो की, समोरासमोर वाद झाला तर मी तुम्हाला उभं गाडीन. लिहिता लिहिता आठवलं, हे वाक्य तुम्ही कोर्टात मोठ्याने वाचाल. म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवतो.

आपला, अद्याप बाहेर असलेला,
ऑर्लँडो पेटिग्रू