आत गेलेल्याने परत यायचे नसते

…आणि आमच्या संघातला कुशल चेंडू पोटाशी धरून उलटा पळत सुटला, मामा. समोरची रेषा अगदी नाकासमोर होती. त्याने वाटेत तिघांना हाताने शिवले, गर्रकन वळला आणि आपल्या हद्दीकडे निघाला. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. खरे सांगतो, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला.

नमस्कार राहिला. तुमच्या गुडघ्यांची विचारपूस आणि मामींना वाकून नमस्कार. आम्ही तिघे ठीक. आमची लेक ओवी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. उत्तर बरोबर असते, त्यामुळे रागावता येत नाही.

आमची बांधकाम कंपनी बंद पडल्याचे मागे लिहिले होतेच. (क्रेन अजून उभ्या आहेत, फिरत नाहीत.) त्यानंतर मला इथे शारजातच एका लहान कॉलेजात नोकरी मिळाली. तिथे अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, पण त्याचा अमेरिकन कोच मंदीत मायदेशी निघून गेला होता. मागे हेल्मेटे आणि मुले उरली होती. रजिस्ट्रार उपेंद्र म्हणाला, "हेमचंद्रभाई, आप तो कबड्डी खेले हो. इसमें भी पकड़ना ही है." मी हो म्हणालो. व्हिसा संपत आलेला माणूस कशालाही हो म्हणतो. (खेळ असा: नारळाच्या आकाराचा चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचे, की गुण. पाय क्वचित लागतो, तरी नाव फुटबॉल. मीही विचारले होते, सगळे हसले.) डीनची अट एकच होती. हंगामात एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ खलास. संघ खलास म्हणजे मी खलास, आणि माझ्या व्हिसावर प्रमिला आणि ओवी.

मला जे येते ते मी शिकवले, म्हणजे तुम्ही मला शिकवलेले. हमदुल्ला नावाचा पठाण पोरगा आहे, फ्रिजएवढा. तो घोटा असा धरतो की तुम्ही त्याला जवळ बसवून जेवू घातले असते. दम वाढावा म्हणून सगळ्यांना हेल्मेटमधून 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावले. एका सामन्यात समोरच्यांना ती प्रार्थना वाटली, ते अदबीने थांबले. तरी आम्ही हरलो. बाकीचेही हरलो. अधूनमधून एखाद्या मुलाच्या वडिलांची नोकरी जायची आणि तो सामान बांधून निरोप घ्यायला यायचा. शेवटी जेमतेम संघ उरला आणि शेवटचा सामना.

त्यात कुशल परत फिरला. शिवून घरी यायचे, हे मीच त्याच्या अंगात मुरवले होते. आत गेलेल्याने परत यायचे नसते, हे मात्र सांगायचे राहिले. सांगण्यासारखे वाटलेच नाही. समोरचा सगळा संघ हसत त्याच्या मागे. आमच्याच रेषेपाशी हमदुल्लाने त्याला खांद्याला धरून थांबवले, तोंड फिरवले आणि ढकलले. "यल्ला, चल, उधर! पागल, घर उधर नहीं है!" आता सगळे विरोधक या टोकाला आणि पलीकडे मैदान मोकळे. कुशल पुन्हा पळाला. पंचांनी बराच वेळ आपसात चर्चा केली आणि गुण दिले. आमच्या हंगामातले पहिले गुण. मुलांनी मला उचलले. (कंबर अजून दुखते.)

"असा का रे वळलास?" मी कुशलला विचारले.

"सर, यू सेड टच अँड कम होम."

सामना आम्ही हरलो, पण थोडक्यात. उपेंद्र म्हणतो, डीन हसत होते, या वर्षात पहिल्यांदाच. संघाचे काय विचारले तर म्हणाला, "इन्शाल्ला." त्याचा अर्थ इथे हो, नाही किंवा चहा घ्या, यांपैकी काहीही होतो. पण मामा, त्या मुलांना पुढच्या वर्षी खेळायचे आहे. मलाही.

तुमचा,
हेमचंद्र
अल नहदा, शारजा. नोव्हेंबर २००९

ता. क. खरे काम हे. तळेगावच्या शाळेत माझ्यासाठी पी. टी. शिक्षकाची जागा तुम्ही शब्द टाकून अडवून ठेवली आहे. ती सोडा, दुसऱ्या कोणाला मिळू द्या. प्रमिलाला मी सवडीने सांगतो.

मामा, सा. न. जागा जूनपर्यंत सोडू नका. ह्यांना कळवू नका. — प्रमिला

ता. क. वरचे वाचले. नका सोडू. पण मी म्हणालो म्हणून नव्हे, ती म्हणते म्हणून.

ता. क. पत्र टाकायचे राहिले, म्हणून आज सकाळी घडले तेही लिहितो. हंगाम संपला, सराव नाही, असे मुलांना सांगितले होते. तरी आली. ग्राउंडला कुलूप होते, म्हणून शेजारच्या वाळूत सराव घेतला. थोड्या वेळाने उपेंद्र किल्ली घेऊन आला आणि बघत उभा राहिला. कुलूप काढायचे कोणालाच सुचले नाही.