लोणंद माझ्या हद्दीत येत नाही

आष्टा,
शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर

लाडकी भाची आयेशा हिस,

आष्ट्याहून दस्तगीरमामूचा अस्सलामु अलैकुम आणि ओंजळभर दुआ. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या मुमानीचे गुडघे दुखतात, पण त्यांच्याविषयी बोलताना तिचा आवाज चांगला खणखणीत असतो, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची. माझा वरचा पुढचा दात हलतो आहे. डॉक्टर काढून टाका म्हणतात, पण क्लॅरिनेटचं तोंड ज्या दातावर टेकतं तोच हा दात, त्यामुळे तुझ्या लग्नापर्यंत त्याला हलत का होईना जागेवर ठेवायचा असं मी ठरवलं आहे. दिल्लीची हवा बिघडल्याचं रोज बातम्यांत दाखवतात. खोकला कसा आहे? (इकडच्या हवेतही कारखान्याच्या मळीचा वास असतोच, पण तो आपल्या ओळखीचा आहे.)

परवा तू फोनवर विचारलंस की मामू, सांगलीत तुम्ही नक्की काय करून आलात, आमच्या ऑफिसात तुमचा लाल कोटातला फोटो फिरतोय. मी सांगायला लागलो तर प्रत्येक वाक्याला तू "थांबा मामू, हे कुणापुढं बोललात?" असं म्हणायला लागलीस. म्हणून लिहितो आहे. पत्रात समोरच्याला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे. (घरात आपण आपली दखनी बोलतो हे खरं, पण मला लिहिता येते ती मराठीच, आणि आमच्या गुरुजींनी लावलेली कंसाची सवय अजून सुटलेली नाही.)

आधी लग्नाचं. लोणंदला तुमच्या दारात मांडव पडणार, नवरदेवाकडचे रेल्वेने येणार, स्टेशनापासून वरात निघणार आणि वरातीपुढं क्लॅरिनेट तुझा मामू वाजवणार, हे तू सहावीत असताना माझ्याकडून वदवून घेतलं होतंस. नवरदेवाकडच्यांनीही मोठ्या मनाने सांगितलं की घरचा बँड असताना आम्ही दुसरा कशाला बघू. (मशिदीच्या गल्लीत वाद्यं बंद ठेवायची, हे मौलानांना मी आधीच कबूल केलं आहे.) सगळं जुळून आलं. अडचण एकच आहे, की लोणंद माझ्या हद्दीत येत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण आहे ते असं आहे, आणि ते कसं झालं हे तुला कळायला हवं.

पूर्वी सांगलीच्या बँडवाल्यांचा संघ वेगळा आणि साताऱ्याचा वेगळा. आमच्या सुपाऱ्या आम्हाला, त्यांच्या त्यांना. (सुपारी म्हणजे बँडचं बुकिंग, हे तुला सांगायला नको, पण या शब्दाने पुढं घोटाळा केला आहे म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.) मग रस्ते झाले. आमच्या वाळव्यातल्या लग्नात फलटणचा बँड दिसू लागला आणि कोरेगावच्या लग्नात मिरजेचा. कागवाडकडची कर्नाटकातली पोरं तर टेम्पोत बसून थेट माधवनगरला यायची आणि कमी पैशात वाजवून जायची. वाजवायचीही चांगली, हे त्यातलं जास्तीचं दुःख. शिवाय गावोगाव डॉल्बी आहेच. तेव्हा दोन्ही संघांनी एक व्हायचं ठरलं. "प्रादेशिक एकीकरण" हा शब्द माधवनगरच्या तानाजीने आणला. तानाजी आमचा सचिव. तो पेपर वाचतो आणि ट्रंपेट वाजवतो, दोन्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. एकच बाजार झाला म्हटल्यावर नियम हवेत, आणि नियम करायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी अध्यक्ष आणि माझं अक्षर चांगलं.

नियम मी मन लावून केले. दर सगळ्यांचा एक. हद्द ज्याची त्याची, आणि दुसऱ्याच्या हद्दीत वाजवायचं झालं तर सभेत झाडून सगळ्यांचे हात वर झाले पाहिजेत. (मग एकीकरण कसलं झालं, असं तू विचारशील. वर्षातून एकदा जेवण एकत्र होतं.) फुकट वाजवायला सक्त मनाई. हे कलम मी खास लोणंदच्या आकारामसाठी घातलं, कारण त्याने एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फुकट वाजवून त्या हंगामातल्या सगळ्या चांगल्या सुपाऱ्या ओढून नेल्या होत्या. आणि बँड कशाला म्हणायचं तेही लिहून टाकलं: सात किंवा जास्त माणसं मिळून वाजवतील तो बँड, त्याखाली बँड नव्हे. हे कलम इस्लामपूरच्या पप्पूसाठी. तो दोन मित्र आणि एक ताशा घेऊन "पप्पू ब्रास बँड" म्हणून फिरायचा. नियम वाचून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकारामनेही वाजवल्या, हे मी मुद्दाम सांगतो.

आता सांगलीचं. तुला दिल्लीत नोकरी लागली तेव्हा रहिमतबीने, म्हणजे तुझ्या आईने, सगळ्या नात्यात सांगितलं की आयेशा स्पर्धेच्या खात्यात लागली. आपल्याकडं स्पर्धा म्हणजे ढाल, चषक, पंच आणि फोडायला नारळ. कबड्डीची असते, रांगोळीची असते, बैलगाड्यांची असते, बँडचीही असते. मला वाटलं पोरगी पंच झाली, चांगलं झालं, आणि जास्त खोलात गेलो नाही. अशात तानाजीला सांगलीत एका कॉलेजच्या फाटकावर फलक दिसला: "स्पर्धा धोरण आणि प्रादेशिक आर्थिक एकीकरण", शेजारच्या देशांतून प्रतिनिधी येणार. त्याने तिथूनच फोन लावला. "दस्तगीरभाई, आंतरराष्ट्रीय स्पर्धा हाय, आन ती बी एकीकरण झालेल्यांचीच. आपल्यासाठीच भरवल्यागत हाय बगा!" खाली बारीक अक्षरात "चर्चासत्र" होतं. ते उद्घाटनाच्या भाषणांबद्दल असावं असं समजून त्याने मला सांगितलंच नाही.

दोन्ही जिल्ह्यांतले निवडक वाजवणारे घेऊन आम्ही गेलो. कोट इस्त्रीचे, टोप्यांना नवे तुरे. दारात आम्हाला पिशवी, पेन आणि गळ्यात घालायला "प्रतिनिधी" असं छापलेलं कार्ड मिळालं, तेव्हा व्यवस्था चांगली आहे असं सगळ्यांचं मत पडलं. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. आकारामने मोठा भोंगा मांडीवर घेतला होता, त्यामुळे मागच्या बाईंना पडदा दिसेना, पण त्या नेपाळच्या होत्या आणि काही बोलल्या नाहीत. भाषणं सुरू झाली. एकाने सांगितलं स्पर्धा निकोप हवी. दुसरा म्हणाला पंच कुणाच्या दावणीला बांधलेला नसावा. तिसऱ्याने सांगितलं मैदान सगळ्यांना सारखं हवं, मोठ्याने लहानाला दाबू नये, सीमेपलीकडून येणाऱ्यालाही उतरू द्यावं. आयेशा, तुझ्या गळ्याची शपथ, यातल्या एकाही वाक्यावरून आम्हाला शंका यायचं काही कारण नव्हतं. हेच सगळं शर्यतीच्या मैदानात आम्ही लाउडस्पीकरवर ऐकत आलो आहोत. सीमेपलीकडच्या वाक्याला मात्र आकारामने माझ्याकडं बघितलं आणि मी छताकडं.

मग "लहान व्यावसायिकांचं मनोगत" असा भाग आला. ज्यांना बोलावलं होतं ते आलेले नव्हते आणि आम्ही तर लाल कोटात समोरच होतो. कार्यक्रम चालवणाऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी विचारलं तुम्ही कोण. मी अध्यक्ष म्हणून वर गेलो. पंचांवर छाप पडावी म्हणून मी आमची शिस्त सांगितली. दर एक. कुणी कमी घेतला तर त्याचा ढोल संघ जप्त करतो. हद्द ओलांडली तर त्याच्याकडं एकही वाजवणारा जात नाही. दिल्लीचे, म्हणजे तुझ्याच खात्याचे, एक साहेब भराभर लिहून घेत होते, त्यामुळे मला चेव आला. त्यांनी विचारलं, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरीकडं जायला वाव नाही? खालून तानाजीच ओरडला, "आजिबात न्हाई सायेब, आमी ठेवलाच न्हाई!" मी पुढं म्हणालो की दुसऱ्याच्या हद्दीतली सुपारी कुणी घेतली तर त्याला आम्ही सोडत नाही. प्राध्यापकांनी त्याचंही हिंदी करून सांगितलं आणि साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. त्यांना वाटलं आम्ही माणसं मारायच्या सुपाऱ्या घेतो आणि त्याही हद्दी ठरवून.

तो गैरसमज चहाबरोबर मिटला. दुसरा मिटायला वेळ लागला. साहेब म्हणाले की तुमच्यासारख्या मंडळाला आमच्याकडं "कार्टेल" म्हणतात. तानाजी उभा राहिला आणि त्याने विचारलं, त्येच्यात ढाल बी असती का नुसतं सर्टिफिकेट? सभागृह हसलं. मग साहेबांनी शांतपणे समजावलं की इथली स्पर्धा म्हणजे बाजारातली, धंदेवाल्यांची एकमेकांशी, आणि आपसात दर बांधणं आणि गावं वाटून घेणं कायद्याला मान्य नाही, त्याला जबर दंड आहे, आणि बाजार एक करायचा तर आतली कुंपणं काढायला लागतात. बोलायला फार नम्र माणूस. आपण पाहुणे म्हणून आलो आहोत, पण गावी गेल्यावर त्या नियमांचं काहीतरी बघा, असंही म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी प्राध्यापकांनाच आमची कीव आली आणि त्यांनी काहीतरी वाजवा म्हटलं. वाजवलं. नेपाळच्या बाई आणि श्रीलंकेचे एक साहेब आमच्यात येऊन नाचले, तुझ्या ऑफिसात फिरतो आहे तो फोटो तेव्हाचा. ढाल नव्हतीच. प्रत्येकाला कडुलिंबाचं एकेक रोप दिलं.

गेल्या आठवड्यात कराडला संघाची सभा झाली. मी उभा राहून सांगितलं की माझ्या भाचीचं लग्न आहे, एका दिवसापुरतं लोणंद मला उघडून द्या. सगळे हात वर झाले. आकारामचा झाला नाही. "आवं दस्तगीरभाई, नियम तुमीच लिवलाय. आक्षर बी तुमचंच हाय. पोरगी तुमची, पर रस्ता आमचा हाय." मी म्हटलं पैसे तू घे, मी फुकट वाजवतो. तर त्याने चष्मा लावून फुकटाचं कलम वाचून दाखवलं, आणि लय सावकाश वाचलं. मला राग आला आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं, पण अध्यक्षाला सभेत रडता येत नाही, म्हणून मी इतिवृत्त लिहीत बसलो. आकाराम मनाने वाईट नाही. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी आपलं वऱ्हाडी म्हनून या, पोटभर जेवा. वाजवायचं मी बगतो." तेवढ्याचीच मला भीती आहे. वरच्या पट्टीत गेला की त्याचा सूर उतरतो आणि नवरदेवाचं घोडं कान मागं घेतं.

तरीही माझं मत विचारशील तर संघ हवा, नियम हवेत, आणि दिल्लीच्या कायद्याने आमच्या लग्नसराईत डोकावू नये. डॉल्बीवाल्यांना कुणी विचारत नाही आणि आम्हा फुंकून पोट भरणाऱ्यांना कायदा. मी संघाशी एकनिष्ठ आहे आणि राहणार. तू तुझ्या साहेबांना आमचा सलाम सांग आणि आम्ही साधी माणसं आहोत असं सांग. कडुलिंबाने जीव धरला आहे. मुमानी तुला दुआ देते आणि दिल्लीहून येताना लोकरीची टोपी आण म्हणते.

तुझा मामू,
दस्तगीर मुलाणी
(अध्यक्ष, तूर्त)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तू आमच्या संघावर तक्रार कर. कुणीही करू शकतं असं साहेब म्हणाले होते. अध्यक्षाचं नाव ठळक घाल आणि पुरावा म्हणून हे पत्र जोड. हद्दीचं कलम लग्नाआधी रद्द व्हायला हवं. बाकीची सवडीने झाली तरी चालतील.

ता. क. दुसरा. जो आधी येऊन गुन्हा कबूल करतो त्याला दंडात सूट मिळते, असंही साहेबांनी सांगितलं होतं. तेव्हा मी कबूल केलं असं समज आणि पत्रावरची तारीख जपून ठेव. (तारीख घालायची राहिली, शुक्रवार तेवढा आहे.) आकाराम कालच तानाजीकडं तुझा दिल्लीचा पत्ता मागत होता. लग्नाचा आहेर पाठवायला, असं म्हणाला म्हणे. त्याला काही कबूल करू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी मुमानीने पत्र वाचलं. ती म्हणाली, असल्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत आयेशाची पोरं शाळेत जातील. बाईचं बरोबर आहे. तेव्हा तक्रार राहू दे. मी मुमानीबरोबर वऱ्हाडी म्हणूनच येतो, लाल कोट न घालता. क्लॅरिनेट पिशवीत असेल. वरात तुमच्या दारात आली आणि आकारामचा बँड दम खायला थांबला, की तू खिडकीत ये, मी खाली उभा असेन. दात तोवर टिकेल, इन्शाअल्लाह. आकारामने हरकत घेतली तर त्याला माझंच कलम वाचून दाखव, आणि लय सावकाश वाच: सात माणसांखाली बँड नव्हे. एकटाच कुणी वाजवत असेल, तर तो पोरीचा मामू.