मुंबईच्या गोळ्या

८ सप्टेंबर
"गो, ती बारीक लाल गोळी दे." दुकान उघडल्यावर पहिलं वाक्य हेच! कोणाला हवी, कशासाठी हवी, विचारलं की राग. आज एका काकांनी ऐकवलंच, "तू द्यायचं काम कर." चार वर्षं बी. फार्म. केलं ते काय कात्रीने पाकिटं कापायला? शेजारच्या किराणावाल्यात आणि माझ्यात अख्ख्या पोलादपुराला फरक दिसत नाही.

१० सप्टेंबर
सासूबाईंना गरगरतंय. पायही सुजलेत. दुकान बंद करून घरी, कापडे गावात, आल्या आल्या त्यांचा औषधांचा डबा उघडला. एक पाकीट माझ्याच दुकानातलं, इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं — रक्तदाबाचं. बाकीची पाकिटं गणपतीला आलेल्या मंगेशभावजींनी मुंबईहून आणलेली. नावं वेगळी, औषध तेच! आणि या सकाळी ही घेतात, रात्री ती. मुंबईची बंद करा म्हटलं. तर म्हणतात, "तू काय डॉक्टर हायस?"

११ सप्टेंबर
भावजींचा फोन. गोळ्या मोठ्या डॉक्टरने दिल्यात, मी मध्ये पडू नये म्हणे. दीपेश कंपनीत ड्यूटीला निघता निघता म्हणाला, कशाला वाद, उद्या डॉक्टरांना विचार. नवरा असून! मी समोर उभी आहे ना! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

१२ सप्टेंबर
डॉक्टरांनी दोन्हीकडची पाकिटं बघितली. मी जे सांगितलं तेच बोलले. सासूबाईंनी लगेच हात जोडले. येताना रिक्षात म्हणाल्या, "डॉक्टर होते म्हणून कळलं बघ." मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. रडू येत होतं, खरंच.

घरी आल्यावर म्हटलं, त्या मुंबईच्या गोळ्या फेकून द्या. तर, "एवढ्या भारी गोळ्या फेकायच्या?" पालथ्या घड्यावर पाणी! म्हटलं, घेऊ नका म्हणजे झालं.

१३ सप्टेंबर
आज कोणाला काही विचारलं नाही. मागितलं ते दिलं. किराणावालीच व्हायचं तर तसंच.

१६ सप्टेंबर
सासूबाईंचं गरगरणं थांबलं, सूजही उतरली. आज आत भाकरी थापत होते, तर ओटीवर शेजारच्या आवडीकाकू आलेल्या. त्या म्हणत होत्या, मलाही चक्कर येते हल्ली. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "माझं तर सुनेनं वळखलं. अर्धी डॉक्टरीणच हाय ती."

मी तव्यावरची भाकरी करपवली. इतकं बरं वाटलं! वेडीच आहे मी. एवढ्याशा शब्दासाठी किती दिवस तोंड पाडून बसले होते.

१८ सप्टेंबर
आवडीकाकू सकाळी अंगणात कोसळल्या. दवाखान्यात सलाईन लावलंय, आता शुद्धीवर आहेत. त्यांचा रक्तदाब मुळातच कमी — आणि कनवटीला मुंबईच्या गोळ्यांचं पाकीट! मला विचारल्याशिवाय घेतल्या कशा, म्हटलं.

"इचारायचं काय गो? तुझ्या सासूनं दिल्या. म्हटलं, तुझ्या घरातली गोळी, म्हंजे तू बघितलेलीच असल."