मुळं छाटलेला रादिक्यो

प्रिय नोरिना,
आपल्या गावी, ट्रेव्हिझोला, सुखरूप आहे. इंग्लंडात तुझा गुडघा थंडीने दुखतो का?

काल धाकट्या बहिणीच्या, एर्सिलियाच्या शेतात कडू, लाल पानांचा रादिक्यो उपटत होतो. मुळांसकट झऱ्याच्या पाण्यात ठेवला, तरच तो आतून कोवळा फुटतो.

"दादा, इंग्रजीत याला काय म्हणतात?"

"रादिक्योच!" म्हणालो, आणि शाळेतली हिवाळ्याची कविता गुणगुणू लागलो. त्या तंद्रीत दोन टोपल्यांची मुळं छाटून टाकली. बहिणीचा नाताळचा माल गेला.

"इंग्रजांनी नाव तरी जपलं, दादा! तू तर मुळंही ठेवली नाहीस!"



मुलांना यातलं सांगू नकोस. ‘तुमच्या बाबांसारखा रादिक्यो पिकवणारा गावात नव्हता,’ असं मीच त्यांना सांगत आलोय.

तुझाच खजील,
आल्विझे