पन्नास नंबरचं तेल

४ डिसेंबर

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. पहाटेच्या थंडीत गाडी उठत नाही, उठली तर आधी खडखडते, असं रडगाणं दोन पानं भरून लिहिलं आहेस. बाई गं, हीच व्हॅन तुझ्या आजोबांनी जन्मभर चालवली. खडखडायचे ते, गाडी नाही.

मला पक्कं ठाऊक आहे काय झालं असेल. कुणीतरी शहाणा भेटला असेल आणि तू पातळ तेल ओतलं असशील. निघताना मी स्वतः पन्नास नंबरचा डबा मागच्या सीटखाली ठेवला होता. तेलाला नंबर उगाच देत नाहीत. पन्नास म्हणजे वरच्या वर्गातलं. तीस, चाळीस ही काठावर पास झालेली तेलं, ती तुझ्या मामासारख्यांनी घालावीत. घट्ट तेल इंजिनाला धरून राहतं, पातळ तेल पाहुण्यासारखं आलं तसं जातं.

बेकरीचे पाव पोचवायला एवढ्या उंचावर, एवढ्या गारठ्यात जायची हौस तुझी. गाडी दिली तेव्हा काय ठरलं होतं ते आठव. इंजिन बसलं की गाडी परत माझ्या दारात. दुसरी किल्ली माझ्या कपाटात आहे, हे विसरू नकोस.

जिवाला जप. कानाला काही बांधत जा, नाहीतर त्यात आधीच काही शिरत नाही.
तुझी आजी

१२ डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. पातळ तेल कुणी घातलं नाही. गाडीत तुझंच पन्नास नंबरचं तेल आहे, आणि तेच नडतं आहे.

रागावण्याआधी घरी उरलेला दुसरा डबा बघ. त्यावर एक नाही, दोन आकडे आहेत. आधी वीस, मग डब्ल्यू, मग पन्नास. डब्ल्यू म्हणजे थंडीचा. त्याच्या अलीकडचा आकडा सांगतो तेल गारठ्यात किती जड होतं. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत चटकन धावतं. पलीकडचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं ते सांगतो. हे मार्क नाहीत, आजी. इथे पहाटे काचेवर बर्फ असतो. तुझं तेल तळाशी बसून राहतं, वर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. तीच ती खडखड. मला पाच आणि चाळीसवालं हवं.

शिवाय डब्यावर इंग्रजी अक्षरं असतात. एस पेट्रोलच्या गाड्यांसाठी, सी डिझेलच्या. आपली डिझेलची. डिझेलमध्ये काजळी फार होते, ती सांभाळायचं औषध सीवाल्या तेलात असतं. त्याच्या पुढचं अक्षर जितकं नंतरचं, तितकं तेल नव्या धाटणीचं. गाडीच्या पुस्तकात सी लिहिलंय.

बेकरीवाल्यांनी काल सांगितलं, आणखी एकदा पाव उशिरा पोचले तर काम दुसऱ्याला देणार. तेव्हा किल्लीची धमकी जरा थांबव.

मामाला नमस्कार. तुझा लोभ आहेच, फक्त तो तेलाइतका घट्ट नको.
ठमी

१९ डिसेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

आजीला शिकवायला निघालीस. बरं.

गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीकडून तुझं ते पाच-चाळीसवालं वाटीभर मागून आणलं. म्हातारपणी कुठली रेस लावता, म्हणाला. त्याला म्हटलं, तुझं दुकान उठवायची. एका वाटीत ते, दुसरीत माझं, आणि दोन्ही वाट्या रात्रभर बर्फाच्या खणात. सकाळी तुझ्या मामीनं खण उघडला आणि आईस्क्रीम समजून बोट घातलं. तिच्या किंकाळ्या तुला तिकडे ऐकू आल्या असतील.

वाट्या तिरक्या केल्या. तुझं तेल निमूटपणे ओघळलं. माझं, माहेरी परत आलेल्या नणंदेसारखं, जागचं हलायला तयार नाही. मग दोन्ही गरम पाण्यात ठेवली. दोन्ही पातळ झाली, माझं अगदी जरासं जड. एवढ्या जराशासाठी मी आयुष्यभर मिशीवर ताव मारला, तोही मिशी नसताना.

हे तुझ्या मामाला कळलं आणि त्याच्या अंगात आलं. सोनेरी डबा घेऊन आला, सगळ्यात महाग. आकडे बरोबर, पाच आणि चाळीस. येत्या रविवारी स्वतः गाडीत ओतायला तिकडे येतो आहे. मी चष्मा लावून डबा फिरवला. मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकार ओळखता येतो. तुझं सी म्हणजे चंद्राची कोर. मामाच्या डब्यावर कोर कुठेच नाही, वेटोळं घातलेला साप तेवढा आहे. सांगितलं तर म्हणतो, आई, एवढं महाग तेल वाईट असेल का? मी म्हटलं, तुझं लग्नही महागच झालं होतं.

त्याला ओतू देऊ नकोस. कोरवालं आण.
आजी

२८ डिसेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मामाच्या आधी पोचलं, नाहीतर संपलं होतं. मी जुनं तेल काढून वळले तर हा नरसाळं लावून बसलेला. नरसाळ्यावर हात ठेवला. फार फुगला. तुझी आजी आता तेलात डॉक्टरकी करते, म्हणाला. मग कोरवालं आणलं, तेही पाच आणि चाळीस, आणि त्यानंच ओतलं.

दुसऱ्या पहाटे मोरीतलं पाणी गोठलं होतं. बेकरीवाले फाटकात हाताची घडी घालून उभे होते. किल्ली फिरवली. इंजिनानं एकदा घसा खाकरला आणि ते सुरू झालं. खडखड नाही. मामा तर त्यांच्याकडे असा बघत होता जणू इंजिन त्यानंच बनवलंय.

बेकरीवाले आत गेले, पावांचे आणखी दोन ट्रे आणून गाडीत ठेवले आणि पलीकडच्या वसतिगृहाचा पत्ता माझ्या हातात दिला. काम राहिलं, आजी. वाढलं.

मायेची ऊब अशीच पाठवत जा, शिव्यांसकट.
ठमी

५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. आ.

मामा परत आला. तेल त्यानंच शोधलं, असं सगळ्यांना सांगतो आहे. सांगू दे, तेवढंच त्याच्या नावावर. सोनेरी डबा आता त्याच्या पेट्रोलच्या गाडीत जाईल. पैसे दिलेत म्हणून रोज त्याची आरती करतो आहे.

माझा पन्नासवाला डबा मिस्त्रीला देऊन टाकला. उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या ट्रकला चालतो म्हणाला. म्हणजे तो नापास नव्हता, चुकीच्या शाळेत घातला होता. हे तुला सांगते आहे, तुझ्या मामीला सांगू नकोस.

या पाकिटात गाडीची दुसरी किल्ली आहे. गळ्यात पडू नकोस, कपाटात जागा हवी होती म्हणून पाठवली. एक तुझ्याकडे ठेव, एक बेकरीत. दोन्ही एकाच पिशवीत ठेवशील, ओळखते मी तुला.

कान झाकत जा.
आजी